पहिला खेळ गावात

नंदुरबार जिल्ह्याला कॅमेरा नवा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघून हा जिल्हा झाला, त्याच्या आधीच नर्मदाकाठच्या मणिबेलीत माहितीपट करणारे येऊन गेले होते. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘अ नर्मदा डायरी’ १९९५ ची. २९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग आले, सोनिया गांधी आल्या आणि मागोमाग वाहिन्यांच्या गाड्या. काठी गावच्या राजवाडी होळीला व्रत धरून नाचणाऱ्या बावांभोवती फोटोवाल्यांची एवढी दाटी होते की गावच्या माणसाला आपलीच होळी टाचा उंचावून बघावी लागते. कुपोषणाची बातमी आली की धडगाव-अक्कलकुव्याकडे पुन्हा कॅमेरे वळतात. हे सगळं छापून येतं, दाखवलं जातं, काहींना बक्षिसंही मिळतात. ज्यांचं चित्रण झालं त्यांच्यापैकी कितीजणांनी ते पाहिलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

गेली काही वर्षं मी या जिल्ह्यातल्या तरुण मुलामुलींना मोबाईलवर लघुपट करायला शिकवतोय. शिकवण्यातलं तंत्र थोडं आहे, बाकीचं बरंच आहे. ते बाकीचं इथे लिहितो. आकडे घातलेत ते सोयीसाठी. पहिला मुद्दा सर्वांत मोठा आणि शेवटचा सर्वांत छोटा असं काही समजू नका.

१. शिबिराची तारीख होळीवरून धरा

शहरातल्या संस्थांना शिबिरं जानेवारी-फेब्रुवारीत हवी असतात. मार्चअखेर पैसे खर्ची पडायचे असतात आणि हवाही गार असते. नेमकी तेव्हाच सातपुड्यातली गावं अर्धी रिकामी असतात. दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, शेतमजुरीला गुजरातेत उतरतात, कुणी बारडोली-सुरतेकडे, कुणी थेट सौराष्ट्रात. मागे उरतात म्हातारी माणसं, आश्रमशाळेतली पोरं आणि गुरं. अशा दिवसांत शिबिर ठेवलं की नावनोंदणीची यादी भरते खरी, पण भरते ती तालुक्याच्या गावात राहणाऱ्या नोकरदारांच्या मुलांनी. अहवालात ‘ग्रामीण आदिवासी युवक’ असं लिहिता येतं आणि सगळे खूश होतात.

होळीच्या आधी माणसं परततात. भोंगऱ्या बाजार भरतो, कपडेलत्ते होतात, ढोल तापवले जातात. होळी ते पहिला पाऊस हा आमचा हंगाम. त्यातही सकाळी कुणी सापडत नाही, कारण मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पहाटे वेचायची असतात. ऊन चढल्यावर माणूस मोकळा होतो, म्हणून वर्ग अकरापासून. जूनमध्ये पेरणी, तेव्हा शिबिराचं नाव काढणंही बरं नव्हे.

एकदा ऊसतोडीला निघालेल्या एका मुलाला म्हटलं, शिबिर बुडतंय म्हणून हळहळू नको, तिकडचंच काढून आण. त्याने पडावावर मध्यरात्री ट्रक भरायला उठलेली माणसं काढली. बॅटरीच्या उजेडात मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणारी त्याची बहीण. चित्र काळंभोर, दाणेदार, मधूनच हललेलं. त्या वर्षीच्या सगळ्या कामात तेवढंच परत परत बघावंसं वाटलं. तेव्हापासून जे जातात त्यांनाही आम्ही गृहपाठ देतो.

२. फोन कुणाचा, हे आधी विचारा

‘प्रत्येकाने आपला स्मार्टफोन आणावा’ असं पत्रकात छापणं सोपं आहे. पाड्यावर घरात एक फोन असतो आणि तो बहुधा मोठ्या भावाकडे असतो. भाऊ सुरतेला गेला की फोनही सुरतेला जातो. मुलीच्या हातात दिवसभर फोन दिसला की घरात प्रश्न सुरू होतात आणि गावात चर्चा. म्हणून आम्ही जोड्या लावतो, शक्यतो एका घरातल्या: भाऊ-बहीण, नणंद-भावजय, काका-पुतणी. फोन घरचाच आणि त्यात काय काढलं ते घरच्यांना ठाऊक असलं की अर्धा संशय मिटतो. मुली टिकाव्यात यासाठी यापेक्षा चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

महागडं किट देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. एका संस्थेने गिंबल, ट्रायपॉड, माईक असा संच मोठ्या प्रेमाने दिला होता. तो हरवू नये म्हणून कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद राहिला. पोरांनी तोवर वीट आणि रबर यांच्यावर फोन उभा करायला शिकून घेतलं.

मेमरीचं रडगाणं मात्र खरं आहे. फोनमध्ये आधीच डीजेचे व्हिडिओ, लग्नाचे व्हिडिओ, स्टेटस. साध्या फुल एचडीत एका मिनिटाला शंभर एमबीच्या पुढे जागा जाते. मग रोज संध्याकाळी बसून काय ठेवायचं आणि काय पुसायचं, हे ठरवावं लागतं. संकलन शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागत नाही.

३. दहा सेकंद हलू नका

चित्रणाचं तंत्र म्हणून मी एवढंच सांगतो. भिंग ओढणीच्या टोकाने पुसा, फोन आडवा धरा, विमानाचं बटण दाबा म्हणजे मध्येच कॉल येणार नाही, कोपरं बरगड्यांना टेकवा आणि दहा सेकंद हलू नका. शेवटचं सोडून सगळं पहिल्या तासात जमतं. दहा सेकंद स्थिर राहायला काहींना आठवडा लागतो. रील बघत मोठं झालेल्या अंगठ्याला तीन सेकंदांत काहीतरी घडायला हवं असतं. नाही घडलं तर कॅमेरा उजवीकडून डावीकडे, वरून खाली भिरभिरतो.

धडगावकडच्या एका मुलीचं काम सांगतो. त्या भागात एप्रिल-मेमध्ये घरोघरी आमचूर होतं. झाडावरून उतरवलेल्या कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि खडकावर, पत्र्यावर, जिथे ऊन लागेल तिथे पसरायच्या. फोडी पांढऱ्याशुभ्र वाळल्या तर व्यापारी बरा भाव देतो. पावसाचा एक शिंतोडा पडला की त्या काळ्या पडतात आणि भाव कोसळतो. मुलीने आधी आजीवर एक मिनिटाचा व्हिडिओ केला. त्यात हिंदी गाणं, संथ गती, कैऱ्यांवरून फिरणारा कॅमेरा, वर ‘माझी आजी माझा अभिमान’ अशी पिवळी अक्षरं. वर्गात टाळ्या पडल्या. मी म्हटलं, छान. आता फोन दगडावर ठेव आणि आजी काम करते तोवर हात लावू नकोस.

दुसऱ्या चित्रणात आजीची नुसती बोटं आहेत. सुरी अंगठ्याच्या पेराशी थांबते, साल एका लांब पट्टीत सुटते, फोड खडकावर पडल्याचा ओला आवाज येतो. बराच वेळ एवढंच. मग खडकावरचं ऊन विझल्यासारखं होतं. आजीचा हात थांबतो. ती कॅमेऱ्याकडे नाही, वर बघते. ढगाकडे बघून काहीतरी पुटपुटते आणि पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी फोडी गोळा करायला लागते. नातीला हाक मारते, शिवी घालते, कारण नात मदत करायची सोडून फोनपाशी बसलेली आहे. नात चित्रात धावत येते. पाऊस पडला की नाही, ते फिल्ममध्ये कळतच नाही. आमचुराचा भाव, व्यापारी, बेभरवशाचा वळीव, घरातलं काम कुणाच्या वाट्याला येतं, सगळं त्या चार-पाच मिनिटांत आलं. निवेदन एका शब्दाचंही नाही.

नंदुरबार शहराच्या आजूबाजूला मिरचीच्या पथाऱ्या आहेत, तिथे मुलांना न्यायला मला आवडतं. ओल्या लाल मिरचीचा गालिचा दिसला की सगळे फोन बाहेर काढतात आणि भर दुपारी काढलेल्या चित्रात लाल रंगाचा नुसता लगदा होतो, एकही मिरची वेगळी दिसत नाही. सकाळी तिरप्या उन्हात या आणि मिरचीपेक्षा देठ खुडणाऱ्या बायकांचे हात काढा, एवढं सांगितलं की पुरतं. तिखटाने शिंका येतात त्याला इलाज नाही.

४. डोळ्याआधी कान

पडद्यावर चित्र डळमळलं तर लोक चालवून घेतात. बोलणं ऐकू आलं नाही तर उठून जातात. डोंगरातला वारा मोबाईलच्या माईकमध्ये शिरला की समोरच्या आजोबांचं बोलणं गेलंच म्हणून समजा. आम्ही एक फोन चित्राला लावतो आणि दुसरा, कितीही जुना असला तरी, बोलणाऱ्याच्या खिशात किंवा फेट्याच्या घडीत ठेवून नुसता आवाज टिपतो. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर दोन्ही जुळवता येतं. इअरफोनच्या तारेतल्या माईकला कापूस गुंडाळला तर वाराही बराच अडतो.

पावरी हे वाद्य किंवा ढोल टिपताना मुलं वाद्याच्या तोंडाशी फोन नेतात आणि मग नुसती खरखर मिळते. ढोलापासून लांब जाऊन बघा. काठीला होळीच्या रात्री ढोल, घुंगरं, बासऱ्या, हजारो पावलं असा आवाज उठतो. तो टिपायचा तर गर्दीच्या बाहेर, एखाद्या घराच्या ओट्यावर फोन ठेवावा आणि आपण जाऊन नाचावं. हे मी विनोदाने सांगत नाही. त्या रात्री जे नाचले त्यांच्या फिल्ममध्ये होळी होती. जे रात्रभर नुसते काढत बसले त्यांच्याकडे क्लिप होत्या.

५. मराठी इथे पाहुण्यांची भाषा आहे

या जिल्ह्यात मराठी चालते, पण घरात दुसरंच काही बोललं जातं. डोंगरात पावरी आणि भिलीची निरनिराळी रूपं, नवापूरकडे मावची, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत. आणि तरीही कॅमेरा सुरू झाला की मुलगा ताठ उभा राहतो आणि वृत्तवाहिनीच्या मराठीत सुरू करतो: ‘आपण बघू शकता की...’ समोरचे, सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेले आजोबाही मग सरकारी साहेब आल्यासारखे मराठीत उत्तर देतात. धरणाने आमचं नुकसान झालं, पुनर्वसन नीट झालं नाही, शासनाने लक्ष द्यावं. तीन वाक्यं. खोटं त्यात काहीच नाही, पण हीच तीन वाक्यं मी कितीतरी माणसांच्या तोंडून ऐकली आहेत.

तोच प्रश्न नातवाने पावरीत विचारला तेव्हा आजोबा थांबेनात. कुठलं शेत कुणाचं, कुठल्या वळणावर मासे लागायचे, पलीकडच्या काठावरून कुणाची वरात नावेतून आली होती, कुठला आंबा पाण्याखाली गेला आणि त्याची कैरी कशी लागायची. तेव्हा मला एक शब्द धड कळत नव्हता. माझ्या समजण्याची तिथे गरजही नव्हती.

म्हणून नियम केला: बोलणं घरच्या भाषेत, खाली अक्षरं मराठीत. अक्षरं लिहिणं हे सगळ्यात किचकट काम आहे आणि तेच पोरांना सगळ्यात जास्त शिकवतं. एकेका वाक्यावर वाद होतात. धडगावचा एक म्हणतो असं, मोलगीचा दुसरा म्हणतो आमच्याकडे तसं. घरची भाषा गावाबाहेर चालणार नाही, ही भीती आधी मुलांना असते. त्यावर मी अहिराणी गाण्यांचं उदाहरण देतो. खानदेशातल्या पोरांनी गावातच काढलेली ती गाणी आता महाराष्ट्रभर लग्नांत वाजतात आणि अहिराणीचा गंध नसलेली वऱ्हाडी मंडळी त्यावर नाचतात.

६. तोरणमाळ जरा बाजूला ठेवा

विषय निवडा म्हटलं की पहिल्या दिवशी हमखास यादी येते: तोरणमाळ, यशवंत तलाव, सीताखाई, प्रकाशाचं मंदिर, सारंगखेड्याचा घोडेबाजार, अस्तंब्याची यात्रा. स्थळं छानच आहेत. पण त्यावरची फिल्म पर्यटनाची जाहिरात होते आणि तशा जाहिराती आधीच पुष्कळ आहेत. ‘आमच्या गावात काही नाही, सर’ हे वाक्य त्यानंतर येतं.

त्यावर मी बिलगावची गोष्ट सांगतो. धडगाव तालुक्यातल्या या गावाने उदई नदीच्या धबधब्यावर श्रमदान करून छोटं जलविद्युत केंद्र उभारलं. २००३ मध्ये गावात वीज आली. २००४ मध्ये ‘स्वदेस’ हा हिंदी चित्रपट आला. त्यातला गावकऱ्यांनी मिळून वीज तयार करण्याचा प्रसंग बिलगाववरून सुचला, असं सांगितलं जातं. पडद्यावरचं गाव उत्तर प्रदेशातलं, चित्रीकरण वाईजवळच्या मेणवलीचं, वीज आणणारा अमेरिकेहून आलेला शाहरुख खान. बिलगावचं खरं केंद्र २००६ च्या पुरात वाहून गेलं. दगड वाहणाऱ्या बायका, नळ टाकणारी पोरं, दिवा लागला ती संध्याकाळ आणि मग तो पूर, एवढा सगळा चित्रपट या तालुक्यात घडला. ‘स्वदेस’ चांगला चित्रपट आहे, माझी तक्रार नाही. पण हे ऐकलं की ‘आमच्या गावात काही नाही’ म्हणणारा जरा गप्प होतो.

विषय काढून घ्यायला मी आता वारसा, संस्कृती, परंपरा हे शब्द वापरत नाही. मी विचारतो, तुमच्या घरात भांडण कशावरून होतं? मग खऱ्या गोष्टी यायला लागतात. वनहक्काच्या दाव्याचे कागद पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षं पडून आहेत. भावाच्या लग्नात देज, म्हणजे वधूमूल्य, किती द्यायचं. डीजे लावायचा की ढोल. मोबाईलचं नेटवर्क फक्त वरच्या टेकडीवर येतं आणि टेकडीवर मुलींनी जायचं नाही. या शेवटच्या विषयावर दोन मुलींनी केलेली फिल्म मला तोरणमाळच्या सगळ्या ड्रोन चित्रणापेक्षा प्यारी आहे.

७. परवानगी दोनदा घ्या आणि कागदावर घेऊ नका

निधी देणाऱ्यांना सही केलेलं संमतीपत्र हवं असतं. डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे कागद आणि शाईचा डबा ठेवून बघा, त्याचा चेहरा बदलतो. अंगठा उठवून जमिनी गेल्याची आठवण या भागात अजून जिवंत आहे. सत्तरच्या दशकात शहादा परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना ज्या जमिनींसाठी लढले, त्यांच्यामागे असेच कागद होते. आम्ही संमती बोलून घेतो आणि त्यांच्या भाषेत टिपून ठेवतो. एकदा चित्रणाआधी आणि एकदा फिल्म दाखवल्यावर. दुसऱ्या वेळी नको म्हटलं तर तो भाग निघतो, हुज्जत नाही.

काय काढायचं नाही हे गावाला नीट माहीत असतं. विचारलं की सांगतात. होळीला बावा आणि बुध्या झालेली माणसं व्रतस्थ असतात. ती अनवाणी राहतात, जमिनीवर निजतात, काही गोष्टी पाळतात. गर्दीत त्यांना ‘इकडे बघा’ म्हणून ओरडणारे बाहेरचे फोटोवाले पाहिले की आमच्या पोरांना आता राग येतो. पूजेच्या काही विधींत पुजारा कॅमेरा नको म्हणतो. नको म्हणजे नको.

सर्वांत कठीण प्रसंग डाकीण ठरवलेल्या एका बाईचा. एक हुशार मुलगा तिच्यावर फिल्म करायला निघाला होता. हेतू उत्तम. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, हेही तो पाठ करून आला होता. पण फिल्म झाली, गाजली, की तो कॉलेजला परत जाणार आणि ती बाई त्याच पाड्यावर, त्याच शेजाऱ्यांत राहणार. बाईने स्वतःच सांगितलं, माझं तोंड दिसू नये, घर दिसू नये, आवाजही माझा नको. मग काय उरतं? मुलाने फिल्म सोडून दिली आणि तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेला. माझ्या लेखी त्याचं शिबिर पूर्ण झालं.

८. पहिला खेळ गावात

ज्याची गोष्ट, त्याला सर्वांत आधी. यूट्यूबच्याही आधी, जिल्हा परिषदेच्याही आधी, पुण्यातल्या महोत्सवाच्याही आधी. माझ्या सगळ्या नियमांतला हा एकच मी कधी वाकवत नाही, कारण बाकीचे आपोआप यातून निघतात. शेजारची काकी समोर बसून बघणार आहे, हे माहीत असलं की पोरगा तिचं वाक्य तोडून उलट अर्थ लावत नाही. आजोबांना ऐकू गेलं पाहिजे म्हणून आवाज नीट टिपतो. भाषा घरची ठेवतो. ‘गरीब बिचारे’ असलं निवेदन लिहायला त्याचा हात धजत नाही.

सोय अवघड नाही. प्रोजेक्टर भाड्याचा, पडदा म्हणजे लग्नमंडपातलं पांढरं कापड, स्पीकर आणि जनरेटर डीजेवाल्याचा. डीजेवाला आधी पैसे सांगतो आणि त्याच्या आत्याचं नाव पडद्यावर आलं की अर्धे सोडतो.

प्रेक्षक तर इथे तयारच आहेत. सोंगाड्या पार्टीचे खेळ रात्रभर बघणारा हा जिल्हा आहे. बाईचं सोंग घेतलेला गडी, दारुड्या नवरा, साहेबाची टर, मध्येच गाणं. आणि लोक बसल्या जागेवरून पात्रांशी बोलतात, त्यांना टोकतात. आमच्या फिल्मलाही ते तसंच करतात. ‘अरे, ते शेत त्याचं नाही, त्याच्या चुलत्याचं!’ असा आवाज अंधारातून येतो आणि दुसऱ्या दिवशी पाटी बदलावी लागते. जिथे दिग्दर्शकाला हुंदका अपेक्षित असतो तिथे लोक खो खो हसतात, कारण मागे बकरीने कुणाचा तरी टॉवेल खाल्लेला असतो. कुठलाही परीक्षक इतकं बारीक बघत नाही. पोरांना मी सांगतो, सोंगाड्या नीट बघा. पात्र कधी आत आणायचं, हशा किती ताणायचा, माणूस कंटाळण्याआधी गाणं कसं घालायचं, हे तिथे शिकायला मिळतं आणि फी लागत नाही.

मालेगावचं उदाहरण खानदेशात सगळ्यांना माहीत असायला हवं. शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला तो मालेगावकरांसाठी. लूमवर काम करणारी माणसं त्यात नट आणि तीच प्रेक्षक. गावच्या व्हिडिओ हॉलमध्ये तो चालला. जगाने दखल घेतली ती त्यानंतर. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट आला आणि अलीकडे त्याच माणसांवर हिंदी चित्रपटही. मुंबईला काय आवडेल, असा विचार करून सुरुवात केली असती तर मालेगावला ‘शोले’ची आणखी एक नक्कल निघाली असती आणि मुंबईने ती बघितलीही नसती.

गावात दाखवल्यावर इंटरनेटवर टाकायची की नाही, ते गाव आणि मुलं मिळून ठरवतात. काही फिल्म कुठेच टाकलेल्या नाहीत. त्या मेमरी कार्डावरून एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जातात आणि मला तेवढं पुरेसं वाटतं.

९. ‘याने नोकरी लागेल का?’

आई-वडील हे विचारतात आणि त्यांना सरळ उत्तर द्यावं. नाही लागणार. लग्नाचं शूटिंग करून दोन पैसे मिळवणारे काहीजण निघतात, कुणी शहाद्याच्या स्टुडिओत लागतो, कुणी पंचायतीच्या आणि संस्थांच्या कामांचे व्हिडिओ करून देतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून देशभर छोटे अभ्यासक्रम न्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ‘फिल्म शिकणं’ हे शब्द पालकांना पूर्वीइतके परके वाटत नाहीत. पण २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव आल्यापासून इथे कौशल्य प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं घरोघरी साठली आहेत. त्यात आपलं एक घालून पोरांना आशेला लावू नये. मुलींच्या बाबतीत अजून एक कडू गोष्ट: लग्न झालं की फोन सासरच्या ताब्यात जातो आणि आमची संकलक हरवते. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

१०. प्रत कुठे आहे?

फोन फुटतो, पाण्यात पडतो, विकला जातो, आणि त्यासोबत आजोबांची वीस मिनिटं जातात. व्हॉट्सअॅपवरून पाठवली की फिल्म दाबली जाऊन तिचा चिखल होतो. म्हणून मूळ फाईलच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. फाईलच्या नावात गाव, पाडा, तारीख, बोलणाऱ्याचं नाव. कंटाळवाणं काम आहे, ते एका व्यक्तीकडे सोपवून ठेवावं. आमच्याकडे ते एका अंगणवाडी ताईंकडे आहे आणि त्या कुणाचं ऐकत नाहीत, हे उत्तम.

हा मुद्दा वाचणाऱ्यांपैकी काहींशी थेट संबंधित आहे. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. तिथली अनेक कुटुंबं आता तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत आहेत. वसाहतीत जन्मलेल्या मुलांनी आपलं मूळ गाव कधी पाहिलेलं नाही. फिल्म करायला बसली की ती पहिल्यांदा त्याचंच चित्र शोधतात. त्या गावांत नोकरीला असलेले शिक्षक, आरोग्य कर्मचारी, सर्व्हेला गेलेले अभियंते, नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळांत शिकवायला आलेले तरुण, त्या आंदोलनात सुट्टी घालवलेले विद्यार्थी आज पुण्यात, नाशकात, मुंबईत आहेत. त्यांच्या कपाटांत अल्बम आहेत, निगेटिव्ह आहेत, कॅसेटी आहेत. तुमच्याकडे असतील तर एक प्रत करून त्या वसाहतीतल्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला पाठवा. फोटो धूसर असला तरी चालेल. मागे गावाचं नाव आणि साल तेवढं लिहा.